पेरणीपूर्वीची एक रात्र

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला की सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांतील मराठी वस्त्यांमध्ये एक चुळबुळ सुरू होते. दिवसभर यंत्रमागापाशी उभा राहणारा खानदेशी कामगार चार-आठ दिवसांची रजा मागू लागतो. हात मागावर असले तरी त्याचे चित्त जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडील आपल्या कोरडवाहू तुकड्यात गुंतलेले असते. रजा मिळताच तो भुसावळकडे जाणारी गाडी पकडतो, बी विकत घेतो, घाईघाईने पेरणी उरकतो आणि पुन्हा मागावर हजर होतो. पुढचे सारे तो पावसाच्या हवाली करून आलेला असतो.

आणि पाऊस दडी मारतो. आठ दिवस, दहा दिवस, कधी पंधरवडाभर आभाळ कोरडे राहते. वरची दोन बोटे माती तापून निघते. अंकुरलेले बी मातीतच करपते. मग गावाहून निरोप येतो, ‘उगवले नाही, पुन्हा पेरावे लागेल.’ दुबार पेरणी हे दोन शब्द ज्याने ऐकले आहेत, त्यास त्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सुरतेच्या उन्हात गाळलेल्या घामाचे जे बी झाले होते ते मातीत गेले. आता दुसरे बी उसनवारीने आणावयाचे आणि मालकाकडे दुसऱ्या रजेसाठी तोंड वेंगाडावयाचे. घराजवळच्या दोन गुंठ्यांत माउलीने लावलेल्या भेंडी-गवारीची, चवळीची, कारली-दोडक्याची तीच गत होते. संकरित भाजीच्या बियांची लहानशी पुडीही आज गरिबाच्या खिशास जड जाते.

अशा वेळी पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती काही आहे काय, असा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. एक उपाय निश्चितच आहे. त्यास लागते एक भांडे पाणी, एक सावलीची जागा आणि एक रात्र. बी मोजके तास भिजवावयाचे, वरून सुकवावयाचे आणि मग पेरावयाचे. या उपायाने पाऊस पडत नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. तो बियाला पाण्याचा साठा देत नाही. तो वेळ देतो. हा वेळ म्हणजे काय व तो किती मोलाचा असतो, हे या लेखात शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

मातीतील शर्यत

सुके बी निर्जीव दिसते, परंतु ते निर्जीव नसते. त्याचा प्राण थांबलेला असतो. पाणी मिळताच त्याचे जागे होणे तीन टप्प्यांनी घडते. पहिल्या टप्प्यात बी पाणी भराभर शोषून फुगते. दुसऱ्या टप्प्यात ते बाहेरून जवळजवळ स्वस्थ असते. पाणी शोषण्याचा वेग मंदावतो. तथापि आत मोठी धांदल चाललेली असते. साठवणीत असताना पेशींची जी मोडतोड झाली असेल तिची दुरुस्ती होते, पाचक द्रव्ये तयार होतात, साठविलेल्या पिष्टाचे व प्रथिनांचे अन्न मोकळे होऊ लागते. तिसऱ्या टप्प्यात साल फोडून इवलेसे मूळ बाहेर येते.

यांतील मर्म असे की, पहिल्या दोन टप्प्यांपर्यंत बी पुन्हा वाळले तरी मरत नाही. केलेली तयारी बरीचशी जपून ठेवून ते पुन्हा पाण्याची वाट पाहू शकते. परंतु मूळ एकदा बाहेर आले की परतीची वाट बंद होते. त्यानंतर ओल तुटली तर तो कोंब हमखास मरतो.

आता शेतातील स्थिती पाहा. पावसाने ओली झालेली माती वरून सुकत खाली जाते. मूळ वरून खाली ओलीच्या शोधात निघते. दोघांची ही शर्यत असते. मूळ पुढे राहिले तर रोप जगते. मातीचा सुकेपणा पुढे गेला तर रोप जाते. न भिजविलेल्या बियाला पहिले दोन टप्पे मातीतच पार पाडावे लागतात, आणि माती जितकी कमी ओली तितके ते काम रेंगाळते. आदल्या रात्री भिजविलेले बी हे टप्पे घरच्या भांड्यात, भरपूर पाण्यात, सुरक्षितपणे पुरे करून शेतात उतरते. शर्यत सुरू होण्यापूर्वीच त्याने निम्मी वाट चाललेली असते. दुष्काळात टिकण्याचे त्याचे बळ प्रामुख्याने या आघाडीतून येते. लवकर उगवलेले रोप लवकर खोल जाते, आणि जे खोल गेले त्यास वरच्या उन्हाची झळ कमी लागते.

जुनी ओळख, नवा अभ्यास

ही युक्ती आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या सीताध्यक्षाची कामे सांगितली आहेत. तेथे धान्याचे बी सात रात्रींपर्यंत दवाने ओले करावे व उन्हाने वाळवावे, डाळींच्या बियांस तीन किंवा पाच रात्री पुरेत, असे सांगितलेले आढळते. ओले करणे व पुन्हा वाळविणे, आणि धान्यास अधिक तर डाळींस कमी, ही दोन्ही सूत्रे तेथे आलेली आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायातही पेरणीपूर्वी बी दुधात भिजविण्याचा विधी आहे. ग्रीस देशात, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, थिओफ्रास्टस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने काकडीचे बी पाण्यात वा दुधात भिजवून पेरल्यास लवकर उगवते, असे लिहून ठेवले आहे.

आधुनिक काळी या विषयास पुन्हा चालना मिळाली ती भाजीपाल्यामुळेच. इंग्लंडमध्ये हायडेकर व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली बियाला मोजून-मापून पाणी पाजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. पाण्यात असा एक पदार्थ विरघळवावयाचा की ज्यामुळे बी पाणी तर शोषून घेईल, परंतु कोंब फुटण्याइतके नाही. पुढे मोठ्या बियाणे कंपन्यांनी कांदा, गाजर, टोमॅटो, मिरची यांसारख्या पिकांसाठी अशा पद्धती उचलल्या. परंतु त्यांस यंत्रे लागतात, रसायने लागतात, आणि त्यांची किंमत शेवटी पुडीवर छापली जाते. गरीब शेतकऱ्यास उपयोगी पडेल असे त्यात फारसे नव्हते.

त्याच्या उपयोगाचे काम निराळ्या ठिकाणी झाले, आणि त्याचा एक धागा आमच्या सुरतेशी जुळतो. सुरतेजवळ हजिरा येथे कृभको, अर्थात कृषक भारती सहकारी संस्थेचा खताचा कारखाना आहे. ही संस्था १९८० साली स्थापन झाली. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने या संस्थेने गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील कोरडवाहू आदिवासी भागात, म्हणजे पंचमहाल, बांसवाडा, झाबुआ या बाजूस, शेतीसुधारणेचा एक प्रकल्प चालविला. तेथील भिल्ल शेतकऱ्यांच्या शेतांवर, वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे डेव्हिड हॅरिस व त्यांचे सहकारी यांनी मका, भात व हरभरा यांचे बी साध्या पाण्यात भिजवून पेरण्याचे प्रयोग केले. १९९९ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांची विशेष गोष्ट अशी की ते शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या बियांवर केले. एका बाजूस भिजविलेले बी, दुसऱ्या बाजूस कोरडे बी, आणि निवाडा देणारे तेच. बी लवकर व सारखे उगवते, रोपे जोमदार येतात, फुलोरा व कापणी लवकर होते, उत्पन्न वाढते आणि पुन्हा पेरण्याची पाळी कमी येते, असे त्यांना दिसून आले. शेवटचा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. पुढे पाकिस्तान, नेपाळ, झिंबाब्वे इत्यादी देशांतही या साध्या पद्धतीची परीक्षा झाली.

किती तास?

हॅरिस यांच्या कामातील खरी शिकवण एका शब्दात सांगावयाची तर ती म्हणजे मर्यादा. प्रत्येक बियाला भिजण्याची एक सुरक्षित मर्यादा असते. तिच्या आत काढलेले बी, मातीत ओल मिळेपर्यंत कोंब फोडीत नाही. पेरणीला उशीर झाला तरी ते थांबू शकते. मर्यादा ओलांडलेले बी मात्र बाहेर काढल्यावरही उगवतच राहते, आणि कोरड्या मातीत पडले की मरते. म्हणजे तीच युक्ती, चार तास अधिक झाल्याने, तारक असावयाची ती मारक होते. मका व भात यांना रात्रभर किंवा त्याहून काही अधिक वेळ चालतो. हरभरा व मूग यांना आठ तासांच्या आसपास पुरे होते. ‘जितके अधिक भिजेल तितके बरे’ ही समजूत मनातून काढून टाकावी.

भाज्यांच्या बाबतीत बियाची जात, वय व सालीचा कठीणपणा यांप्रमाणे ही मर्यादा बदलते. म्हणून पुस्तकातील आकडा डोळे मिटून घेण्यापेक्षा ती घरीच काढावी. पद्धत सोपी आहे. पाच वाट्या घ्याव्यात व प्रत्येकीत वीस-वीस बिया घालाव्यात. पहिल्या वाटीतील बी चार तास, दुसरीतील आठ, तिसरीतील बारा, चौथीतील सोळा व पाचवीतील चोवीस तास भिजवावे. बाहेर काढून फडक्याने टिपावे आणि पाणी न देता सावलीत दोन दिवस ठेवून पाहावे. ज्या वाटीतील बियांनी आपणहून कोंब काढला ती मर्यादेच्या पलीकडे गेली, असे समजावे. उरलेल्या वाट्यांतील बी, आणि तुलनेसाठी वीस न भिजविलेल्या बिया, ओल्या फडक्यात वेगवेगळ्या गुंडाळून रोज मोजाव्यात. ज्या वाटीतील अधिकांत अधिक बी लवकरांत लवकर उगवेल, तितके तास आपल्या बियासाठी योग्य. शाळेत जाणारे मूलही हे काम आनंदाने करील, आणि एरवी आईबापांनी न विचारलेले त्याचे मत यानिमित्ताने विचारले जाईल.

तरी आरंभासाठी काही गोष्टी सांगता येतील. भेंडीची साल कठीण असते. तिला रात्रभराचे भिजविणे मानवते. कारल्याचे कवच त्याहून जाड असल्यामुळे त्यास रात्रभर, कधी पुरा दिवस व रात्र लागते. गवार, चवळी आणि सुरतेच्या उंधियूची जान असलेली वालपापडी ही सारी शेंगावर्गातील पिके. यांच्याशी जपून वागावे. अगदी सुके शेंगावर्गीय बी एकदम पाण्यात टाकले तर ते इतक्या वेगाने पाणी ओढते की आतील डाळींना चिरा जातात. म्हणून असे बी पाण्यात बुडविण्याऐवजी ओल्या फडक्याच्या दोन घड्यांमध्ये ठेवणे चांगले, आणि तेही थोडेच तास. मिरचीसारखे बी उगवावयास आठ-दहा दिवस घेते. जे बी मुळात मंद, त्यास भिजविण्याचा लाभ अधिक.

भिजविलेले बी निथळून, सावलीत पातळ पसरावे. दाणे एकमेकांना न चिकटता हातातून सुटे पडू लागले की ते पेरणीयोग्य झाले. उन्हात किंवा तव्यावर वाळविण्याचा मोह टाळावा. शक्य तर त्याच दिवशी पेरावे. पाऊस लांबला तर ते पुन्हा मूळच्या वजनाइतके होईपर्यंत सावलीत वाळवून काही दिवस ठेवता येते. परंतु भिजवून वाळविलेले बी वर्षभराच्या साठवणीस निरुपयोगी, हे ध्यानात ठेवावे. जितके पेरावयाचे तितकेच भिजवावे.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दुकानातील पुडीतून निघणारे बी पुष्कळदा गुलाबी, निळे किंवा हिरवे असते. तो रंग शोभेचा नसून, या बियांस बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावले आहे याची ती खूण आहे. असे बी भिजवू नये. औषध धुऊन जाते, पैसे वाया जातात, आणि ते विषारी पाणी हाताला, भांड्याला, कोंबड्यांना व लेकरांना बाधते. घरचे राखलेले किंवा औषध न लावलेले बीच या कामी घ्यावे. बियावर मातीचे किंवा अन्य पदार्थाचे गोळीवजा आवरण असेल तर तेही पाण्यात टाकू नये.

दुसरी गोष्ट क्षारांची. प्रयोगशाळांत पोटॅशियम नायट्रेट, कॅल्शियम क्लोराइड अशा क्षारांच्या सौम्य द्रावणांत बी भिजवितात आणि काही पिकांत त्याचा गुण येतो. परंतु द्रावण तीव्र झाले की बी मरते. ज्याच्याकडे अचूक वजनकाटा नाही त्याने या वाटेस जाऊ नये. भिल्ल शेतकऱ्यांस जो लाभ झाला तो साध्या पाण्याने झाला.

तिसरी गोष्ट ओलीची. भिजविलेले बी धूळपेरणीसाठी नव्हे. जमिनीस वाफसा आला असता, बोटांना ओल लागत असता ते पेरावे. मुळीच पाणी नसलेल्या मातीत बियाची आघाडी कामास येत नाही.

चौथी गोष्ट, सर्व बी एकदम भिजवू नये. पहिल्या वर्षी चार ओळी भिजविलेल्या बियांच्या व चार कोरड्या बियांच्या अशा शेजारी शेजारी लावाव्यात. जो शेजाऱ्याच्या सांगण्यावर सारे शेत लावतो त्यास यश आले तरी कशाने आले ते कळत नाही.

युक्तीच्या सीमा

कोणत्याही चांगल्या गोष्टीची स्तुती करताना ती काय करू शकत नाही हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. बी भिजविल्याने रोपास पहिल्या दोन-तीन आठवड्यांची आघाडी मिळते. त्यानंतर महिनाभर पाऊस आला नाही तर भिजविलेले व न भिजविलेले दोन्ही सुकतील. हलके, किडके, जुने बी भिजविल्याने नवे होत नाही. ज्यांची भाजी रोपवाटिकेतून येते, म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरची, त्यांच्यासाठी आणखी एक उपाय जोडीस घ्यावा. लावणीपूर्वी सुमारे आठवडाभर वाफ्याचे पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे रोप कणखर होते व शेतातील ऊन सोसते. लावणीनंतर बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. ओल जपण्यास त्यासारखे स्वस्त साधन नाही.

सुरत जिल्ह्यातच या गोष्टीची दोन टोके पाहावयास मिळतात. तापी नदीवर काकरापारचा बंधारा १९५० नंतरच्या दशकात झाला, उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, आणि बारडोली, कामरेज, ओलपाडकडील शेते कालव्याच्या पाण्याने ऊस व भात पिकवू लागली. तेथील शेतकऱ्याचे बी उगवले नाही तर तो दुसरे पाणी देतो. परंतु पूर्वेकडे उमरपाडा, मांगरोळ, मांडवीच्या डोंगरउताराकडे वळावे, किंवा पुढे निझर-उच्छलच्या बाजूस जावे. ही बाजू म्हणजे १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर व नंदुरबार तालुक्यांची काही गावे जिकडे गेली ती सीमा. २००७ सालापासून ती तापी जिल्ह्यात मोडते. येथे घरी अजूनही खानदेशी वळणाची भाषा कानी पडते, आणि अनेक शेते आजही आभाळाकडे डोळे लावून असतात. कालवा जेथे पोहोचला नाही तेथे एक भांडे पाणी तरी पोहोचू शकते. या उपायाचे खरे स्थान तेथे आहे.

म्हणून सुरतेतून गावी निघणाऱ्या आमच्या बांधवांस आमचे एवढेच सांगणे आहे. बी पेरणीच्या दिवशी बाजारातून घेऊन थेट शेतात जाऊ नका. महिनाभर आधी औषध न लावलेले किंवा घरचे बी मिळवा आणि पाच वाट्यांची परीक्षा सुरतेच्या खोलीतच करून पाहा. त्यास दोन हात जागाही लागत नाही. आपल्या बियाची मर्यादा एका कागदावर लिहून ती गावाकडील माणसांच्या हाती द्या, म्हणजे तुम्ही मागावर असताना पाऊस आला तरी पेरणी अडणार नाही. भगिनींनो, परसातील भाजीचे बी बहुधा तुम्हीच राखता. कोणते बी किती वेळ भिजल्यावर फुगते हे कडधान्याला मोड आणताना तुम्ही रोज पाहता. फरक एवढाच की स्वयंपाकासाठी आपण मोड येईपर्यंत थांबतो आणि पेरणीसाठी मोड येण्यापूर्वी थांबावयाचे. हे तारतम्य ज्या हातांना आहे ते हात घरातील दुबार पेरणीचा खर्च पुष्कळ अंशी वाचवू शकतील, असा आम्हांस भरवसा वाटतो.